अप्पांचा हंगाम

टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटपासून तिसऱ्या गेटपर्यंत गल्लीगणिक एक अप्पा आहेत. पेन्शन बेळगावात, नातवंडं पुण्यात. जूनच्या पावसानं भिंतींना ओल धरली की हे उत्तरेला निघतात, नवरात्राच्या सुमाराला परततात. त्याच दिवसांत करडा धोबी हिमालयातून सह्याद्रीत उतरतो, आणि अप्पा निपाणी मागे टाकून तवंदी घाट चढत असतात.

आमच्या गल्लीतल्या अप्पांना तर पक्ष्यांचं स्थलांतर कळतं. व्हॅक्सिन डेपोत फिरायला येणाऱ्या मंडळींबरोबर ते एकदा गदग जिल्ह्यातल्या मागडी तळ्यावर गेले, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब पाहून आले, आणि तेव्हापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा विषय निघाल्याशिवाय त्यांची कोथिंबिरीची जुडी घेऊन होत नाही. आपण स्वतःच त्यातला नमुना आहोत, एवढं मात्र त्यांच्या ध्यानात आलेलं नाही.

पिंजऱ्यातला स्थलांतरी पक्षी हंगाम आला की रात्र रात्र उड्या मारतो. 1966 साली अमेरिकेतल्या एमलेन बापलेकांनी अशा पक्ष्याच्या पायाखाली शाईचा पॅड ठेवला आणि भोवती कागदाचं नरसाळं केलं. ठसे उमटले ते बहुतेक एकाच बाजूला, जिकडे जायचं तिकडे. अप्पांना शाई लागत नाही. मेअखेरीचा वळीव पडला की अंगणातली तांबडी माती चपलांना लागते आणि काकूंनी नुकत्याच पुसलेल्या व्हरांड्यात ठसे उमटतात. बॅगेपासून फाटकापर्यंत, फाटकापासून बॅगेपर्यंत. काकू फडकं घेऊन उभ्या. "तिकीट पंधरा तारखेचं आहे खरं, जीव आत्ताच स्टँडवर जाऊन बसलाय. जावा की मग!" एमलेनना याहून जास्त काही सापडलं नव्हतं.

प्रवासाआधी काही चिमुकले पक्षी एवढं खातात की वजन दुपटीला येतं. अप्पांना शुगर आहे, म्हणून चरबी बॅगेला चढते. कुंदा, मांडे, बासमतीची पिशवी, वर पुण्यात मिळत नाही या समजुतीनं घेतलेलं सगळं.

एका वर्षी ते मुलीकडे न्यू जर्सीला गेले. डोळ्यांमागे, मेंदूच्या तळाशी वीसेक हजार पेशींचा एक पुंजका असतो, तोच शरीराचं घड्याळ चालवतो. सूर्यप्रकाश पाहून तो दिवसाला साधारण तासभर सरकतो, त्याहून घाई त्याला जमत नाही. तिकडे रात्री साडेआठला पानं मांडली जात आणि अप्पा दात घासून विचारत, "तरुण भारत आला काय गं?" टिळकवाडीत तेव्हा सकाळचे सहा वाजलेले असत. घड्याळ बरोबरच होतं, फक्त त्याला विमानात बसवलं नव्हतं.

पण अप्पांचा खास हुकमी किस्सा पेर्डेकचा. या डच शास्त्रज्ञानं साळुंकीच्या कुळातले हजारो पक्षी हॉलंडमध्ये पकडून विमानानं स्वित्झर्लंडला नेले आणि सोडून दिले. पहिल्यांदाच निघालेली पिल्लं नेहमीच्याच दिशेनं उडत राहिली आणि भलतीकडे, पार स्पेनपर्यंत गेली. जुन्या पक्ष्यांनी मात्र चूक ओळखली, वळण घेतलं आणि दरवर्षीचा मुलूख गाठायला निघाले. 1958 साली हे छापून आलं. अप्पा ते अशा थाटात सांगतात, की पेर्डेकनं प्रयोग करण्याआधी त्यांचा सल्ला घेतला असावा. शेवटी मुलाकडे बघून म्हणतात, "ज्येष्ठांना नकाशा लागत नाही."

गेल्या जूनच्या आधी मुलानं कोथरूडचा फ्लॅट सोडून वाकडला घर घेतलं. पत्ता पाठवला, मोबाइलवर खूणही पाठवली. अप्पांनी ती उघडली नाही. बस पुण्यात शिरली, अप्पा उतरले, रिक्षा केली, आणि एकही वळण न चुकता कोथरूडला जुन्या दारात जाऊन उभे राहिले. नव्या बिऱ्हाडातल्या बाईंनी पाणी दिलं, चहा दिला, मुलाला फोन लावला. तो वाकडहून येईपर्यंत कुंद्याचा डबा अर्धा झाला.

"चूक नव्हे," अप्पा काकूंना फोनवर सांगत होते, "पेर्डेकच्या म्हाताऱ्या पक्ष्यांनीही हेच केलं असतं."

यंदा बॅगेत कुंद्याचे दोन डबे आहेत. एक वाकडचा. दुसऱ्यावर काकूंनीच चिठ्ठी चिकटवली आहे : कोथरूड.