आस्वादक (लेव्हल दोन)

त्याचं आडनाव काहीही असू शकतं. कोथरूडमध्ये तो गोखले असतो, ठाण्यात सावंत, नाशकात पाटील. वय पंचेचाळीसच्या पुढे, गृहकर्ज फिटत आलेलं, मुलगी बारावीतून सुटलेली आणि कोलेस्टेरॉल अजून काठावर. या सुमारास मराठी माणसाला काहीतरी होतं. कुणी दर रविवारी सिंहगड चढायला लागतो, कुणी कराओकेचा माईक विकत आणतो. उरलेल्यांतला एक वाईनकडे वळतो. तो आपला आस्वादक.

ओळखायला सोपा. चार घरची मंडळी जमली, बाटली उघडली, की बाकीचे ‘चिअर्स’ म्हणून पहिला घोट घेतात. आस्वादक पांढरा कागद मागतो. कागद नसेल तर पेपर नॅपकिन, तोही नसेल तर यजमानांच्या पांढऱ्या सदऱ्याची बाही. त्यावर पेला तिरका धरून तो रंग न्याहाळतो. मग पेला गरागरा फिरवतो, नाक आत घालतो, डोळे मिटतो, नाक बाहेर काढून छताकडे बघतो, पुन्हा नाक आत. अखेर एक घोट तोंडभर खळबळवून ओठांच्या फटीतून हवा आत ओढतो. तो आवाज नवख्याने ऐकला तर तो पाणी आणायला धावतो. इथवर येईपर्यंत खारे काजू संपलेले असतात.

काचेवरून थेंब ओघळताना पाहून कोणीतरी हमखास म्हणतं, “ओघळ बघा काय सुंदर! भारी वाईन दिसतेय.” आस्वादक याच वाक्यासाठी टपलेला असतो. ओघळांचा दर्जाशी काही संबंध नाही, तो सांगतो. काचेवरच्या पातळ थरातलं अल्कोहोल आधी उडून जातं, त्यामुळे तिथला पृष्ठताण वाढतो, तो खालचा द्रव वर खेचतो आणि वर फार साठलं की थेंब घसरतात. जेम्स थॉमसन यांनी १८५५ सालीच हे मांडून ठेवलंय. “लॉर्ड केल्विनचे थोरले बंधू!” हे तो आवर्जून जोडतो, कारण नातं कळल्याशिवाय आपल्याकडे माणूस नीट लक्षात राहत नाही. तोवर काजूंपाठोपाठ चकल्याही गेलेल्या असतात.

हा मुळात असा नव्हता. त्याच्या घरी दारूचा विषय निघे तो ‘एकच प्याला’पुरता, आणि तोही सुधाकराचं पुढे काय झालं हे बजावायला. मग कधीतरी ऑफिसची सहल नाशकाला गेली. गंगापूर धरणाच्या बाजूला, द्राक्षांच्या रांगांसमोर, एका टेस्टिंग रूममध्ये गणवेशातल्या मुलाने त्याच्यापुढे ओळीने पेले मांडले आणि अदबीने विचारलं, “सर, यात आपल्याला काय काय जाणवतं?” आयुष्यात त्याला दारू देताना आजवर कोणी प्रश्न विचारला नव्हता. आस्वादकाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: हा तर पेपर आहे! आणि पेपर म्हटला की तो सोडवता येतो, त्याची गाईडं मिळतात, क्लास लावता येतो.

मराठी मध्यमवर्गाला व्यसन चालत नाही, अभ्यास चालतो. कोणत्याही गोष्टीला एक वही, एक अभ्यासक्रम आणि भिंतीवर लावण्याजोगं एक प्रमाणपत्र असलं की तिच्यातलं पाप आपोआप गळून पडतं. शेजारचा रोज दोन पेग घेतो, तो वाया गेलेला. आस्वादक रोज दोन पेले घेतो, त्याचं ‘वाचन चालू आहे’.

यात एकट्या त्याला दोष देता येणार नाही, सरकारचाही कल तसाच आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ चा. त्यानुसार महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, आणि तो मिळतो आरोग्य टिकवण्यासाठी! एक दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, आजन्मही मिळतो. आस्वादकाने आजन्म घेतला आहे आणि तो एलआयसीच्या पॉलिसीबरोबर कपाटात ठेवला आहे. २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकू द्यायचं ठरवलं आणि राज्यभर गदारोळ उठला, तेव्हा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याने वाईन ही दारू नव्हे, शेतीमाल आहे, असा निबंध टाकला होता. थोडक्यात, या राज्यात कोणी औषध म्हणून पितं, कोणी शेतकऱ्यासाठी पितं, कोणी ज्ञानासाठी. चव आवडते म्हणून पिणारा नागरिक कायद्याच्या खिजगणतीत नाही.

तर त्याने क्लास लावला. लंडनच्या ‘वाईन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट’चा, १९६९ साली स्थापन झालेल्या संस्थेचा अभ्यासक्रम. लेव्हल एक झाली, लेव्हल दोन झाली. लेव्हल दोनच्या परीक्षेत पन्नास बहुपर्यायी प्रश्न असतात आणि वाईनचा थेंबही नसतो. आस्वादक डिस्टिंक्शनमध्ये आला. बोर्डात आलेल्या माणसाला पन्नास गोलांचं काय भय? पेढे वाटले. पेढ्यांबरोबर कोणती वाईन चालेल, तेही सांगितलं. आता बोलताना तो ‘आमच्याकडे’ म्हणतो ते वाईनच्या जगाला उद्देशून. मुंबईच्या सोनल हॉलंड २०१६ साली भारतातल्या पहिल्या ‘मास्टर ऑफ वाईन’ झाल्या, हे तो अशा आवाजात सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, त्या याच्या मावसबहीण असणार.

घरात पहिला खटका उडाला तो थुंकण्यावरून. शास्त्रोक्त चाखणीत घोट गिळत नाहीत, थुंकतात. नाहीतर दहाव्या पेल्याला जीभ काय सांगणार? त्यासाठी त्याने आजोबांची पितळी पिकदाणी माळ्यावरून काढली, पितांबरीने लखलखीत केली आणि डायनिंग टेबलावर आणून ठेवली. दोन हजारांची बाटली थेंब थेंब पिकदाणीत जाताना पाहून मेव्हण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हा मेव्हणा चितळे भाकरवडीबरोबर ओल्ड मंक घेतो, बर्फ दोन खडे, आणि त्याविषयी त्याचं एकही मत नाही. “भावोजी,” तो कळवळून म्हणाला, “मग घेताच कशाला?” आस्वादक शांतपणे म्हणाला, “पिणारा गिळतो. अभ्यासक थुंकतो.” आईंनी एवढंच विचारलं, की ती पिकदाणी आता कोण घासणार.

दुसरा खटका मसाल्यांचा. नाक तयार करायला फ्रान्समध्ये चोपन्न वासांच्या कुप्यांची पेटी मिळते. तिची किंमत कळल्यावर आस्वादकाने स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला. दगडफूल, जायपत्री, नागकेशर, मसाला वेलची, सगळं छोट्या बाटल्यांत भरून डोळे मिटून हुंगणं सुरू झालं. गोडा मसाला करायच्या दिवशी दगडफूल सापडेना. ते बेडरूममध्ये, उशाशी निघालं.

फ्रिजवर कालनिर्णयशेजारी त्याने वासांचं चक्र चिकटवलंय. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या अ‍ॅन नोबल यांनी १९८४ साली ते तयार केलं, ते ‘उमदी’, ‘राजस’ असल्या हवेतल्या विशेषणांऐवजी कोणालाही पडताळता येतील असे शब्द मिळावेत म्हणून. त्यात लिंबू, मध, लवंग आहेत, तसा ओला कुत्राही आहे, जळकी काडीही आहे. आणि आस्वादक थापा मारत नाही, हे नमूद करायला हवं. कॅबर्ने सॉव्हिन्याँमध्ये त्याला ढोबळी मिरची जाणवते ती खरी असते. मिरचीला ज्या पायराझिनमुळे तो वास येतो तेच द्राक्षातही असतं. शिराझमधली मिरी म्हणजे रोटंडोन, आणि आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या मिरीतही तेच. जुन्या रिस्लिंगला रॉकेलचा वास येतो, आणि जाणकार त्याचं कौतुक करतात. अडचण शास्त्राची नाही, घरच्यांची आहे. ज्या वासाला आईंनी भांडं मोरीत रिकामं केलं असतं, त्या वासाला हा ‘परिपक्व’ म्हणतो. “घोड्याचा तबेला,” तो एकदा भारावून म्हणाला, “अगदी मंद, मागे मागे.” आईंनी खिडकी उघडली.

पार्टीत सांगायच्या त्याच्या दोन कथा ठरलेल्या आहेत. पहिली १९७६ ची: पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी लेबल न बघता वाईन चाखल्या आणि लाल-पांढऱ्या दोन्हींत पहिला नंबर कॅलिफोर्नियाला देऊन बसले. दुसरी बोर्दोची, २००१ साली प्रसिद्ध झालेली: संशोधकांनी पांढऱ्या वाईनमध्ये बिनवासाचा लाल रंग मिसळला, आणि वाईनचंच शिक्षण घेणाऱ्या चोपन्न विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. हे सांगताना तो खदखदून हसतो. डोळ्यांनी नाकाला किती सहज फसवलं! मेव्हणा एकदा सरळ मनाने म्हणाला, “मग आपणही करू या ना. डोळे बांधतो तुमचे, बाटल्या मी ओततो.” आस्वादकाने रुमाल काढला. “आज जरा सर्दी आहे.” त्या दिवसापासून बाटलीवर फडकं गुंडाळलेलं दिसलं की त्याचं नाक चोंदतं. लेव्हल तीनच्या परीक्षेत दोन वाईन लेबलाशिवाय चाखून लिहायच्या असतात. ती परीक्षा तो सर्दी बरी झाल्यावर देणार आहे.

मधल्या काळात त्याने कडक पेयांकडेही लक्ष वळवलं. स्कॉटलंडात आयला नावाचं बेट आहे. (हा उद्गार नव्हे, उच्चार आहे.) तिथे बार्ली पीटच्या धुरावर वाळवतात, म्हणून तिथल्या नामांकित व्हिस्कींना धूर, आयोडीन, मलमपट्टी असा सगळा दवाखाना लागतो. परवाना आरोग्यासाठी, आणि पेल्याला वास ड्रेसिंग रूमचा: कायद्याचं इतकं तंतोतंत पालन दुसऱ्या कोणत्या खात्यात होत नसेल. पिंपात मुरताना व्हिस्कीचा काही भाग उडून जातो, त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडात तो वर्षाला दोनेक टक्के, बंगळूरच्या हवेत दहाच्या घरात. “आपल्याकडे देवच तेहेतीस कोटी,” मेव्हणा म्हणाला. त्याचं एवढं एक वाक्य आस्वादकाने वहीत उतरवलं, स्वतःच्या नावावर.

उन्हाळ्यात तो गोव्याला गेला. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तिचा अभ्यास करायला हरकत उरलेली नाही. सत्तरीतल्या एका भट्टीवर बोंडूंचा रस आपसूक आंबत होता. त्याच्या पहिल्या धारेचा हुर्राक, आणि तो पुन्हा गाळला की फेणी. भट्टीवाल्याने पेला दिला. आस्वादकाने कागदावर धरून पाहिला, फिरवला, नाक घातलं, काढलं, आकाशाकडे पाहिलं. भट्टीवाल्याला वाटलं माशी पडली. त्याने तो पेला ओतून दुसरा भरून दिला. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी आस्वादकाने निमूटपणे पिऊन टाकला.

एकतीस डिसेंबरला सगळे त्याच्याकडेच असतात. यंदाही बाटली उघडली, पांढरा कागद आला, पिकदाणी आली, वही आली. तो बोलत होता आणि लिहीत होता: आम्लता मध्यम ते जास्त, तुरटपणा मध्यम, चव रेंगाळते, दर्जा उत्तम. मेव्हण्याने भाकरवडीचा तुकडा मोडत विचारलं, “भावोजी, ते सगळं ठीक. पण आवडली का?”

आस्वादक थांबला. त्याने वहीतला तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. रंग, स्वच्छता, वासाची तीव्रता, गोडवा, आम्लता, तुरटपणा, अल्कोहोल, भरीवपणा, शेवट, दर्जा. पान उलटलं. मागची बाजू कोरी होती.

“ते,” तो म्हणाला, “लेव्हल तीनला असावं.”