बाटलीतलं गुऱ्हाळ

तपासणीसाठी दिलेली इवलीशी बाटली खिशात, खिशावर रुमाल, रुमालावर हात, अशा थाटात परवा सकाळी मी शाहूपुरीतून चाललो होतो. जणू घरचा दागिना गहाण ठेवायला निघालोय. समोरून गुळाच्या रव्यांनी भरलेला टेम्पो आला. शाहू महाराजांनी 1895 साली वसवलेली ही व्यापारपेठ, आणि गुळाच्या सौद्यात रंग पाहून भाव ठरतो. टेम्पोतला माल फिकट पिवळा, माझा गडद. मला कुणी बोली लावली नसती.

आजोबांच्या मळ्यातलं गुऱ्हाळ आठवलं. काहिलीत रस रटरटायचा, भेंडीच्या चिकानं मळी वर यायची, गुळव्या ती हलक्या हातानं काढायचा आणि आम्ही पोरं काकवीवर डोळा ठेवून बसायचो. आपली मूत्रपिंडंही आटवण्याचाच धंदा करतात. दिवसाला सुमारे 180 लिटर गाळायचं, त्यातलं दीडेक लिटर बाहेर सोडायचं, बाकीचं रक्ताला परत. पण इथं चुलवाण नाही. रीत आईच्या लोणच्याची: कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की पाणी आपसूक सुटतं. मूत्रपिंडाच्या गाभ्यात मीठ आणि युरिया असेच मुरलेले असतात. अंबाड्यातल्या आकड्यासारख्या वळलेल्या नळ्या तिथं हा खारटपणा साठवतात, आणि शेजारून उतरणाऱ्या नळ्यांतलं पाणी तो ओढून घेतो. रात्री मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक जरा जास्त येतं, मग या उतरणाऱ्या नळ्या पाण्याला अधिक वाट देतात. म्हणून सकाळचा माल गडद.

रंग मात्र रक्ताचा. तालमीत पडून गुडघ्यावर उठलेला काळानिळा डाग हिरवा होत पिवळा पडायचा, तीच ही वाट. लाल पेशी 120 दिवसांनी थकतात, मोडतात. त्यांचं पिवळं बिलिरुबिन आतड्यात उतरतं, तिथले जंतू त्याचं रूप पालटतात, आणि शेवटी युरोबिलिन होऊन ते इथं पोचतं. हा पालट घडवणारं जंतूंचं नेमकं विकर 2024 साली उमगलं. रोज सकाळी अख्ख्या जगाच्या डोळ्यांसमोर असलेली गोष्ट!

120 दिवस म्हणजे चार महिने. चार महिन्यांपूर्वी आई होती. ती असताना जन्मलेल्या पेशी आता या बाटलीत निघाल्या होत्या. लोह शरीर ठेवून घेतं म्हणे, रंग तेवढा जाऊ देतं. रुमालावरचा हात मी जरा सैल केला.

लॅबमधल्या मुलीनं बाटली उजेडात धरली. “काका, पाणी कमी पितायसा,” म्हणाली, आणि चिठ्ठी चिकटवून ती रांगेत ठेवून दिली.