ओळखीत न्यायाधीश कोण आहे?

अमेरिकेत एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला जायचं म्हटलं की पुण्यातल्या घरात पहिला प्रश्न येतो, शिफारसपत्रासाठी आपल्या ओळखीत न्यायाधीश कोण आहे? मग शोध थेट आत्याच्या व्याह्यांपर्यंत जातो. निवृत्त न्यायमूर्तींनी मुलाला एकदाच पाहिलंय, तेही मुंजीत. पण लेटरहेड काय वजनदार! आमदारसाहेब तर तयारच असतात. ‘सदर इसम माझ्या चांगल्या परिचयाचा असून’ हे पत्र त्यांच्याकडे छापूनच ठेवलेलं असतं, फक्त नाव भरायचं. रहिवासी दाखल्यालाही तेच चालतं.

तिथल्या विद्यापीठांना मात्र भलतंच हवं असतं. हार्वर्ड किमान २ पत्रं मागतं, आणि ती शक्यतो तुमचा अभ्यास जवळून पाहिलेल्यांची. म्हणजे वर्गात बसलेलं असावं लागणार! खच्चून भरलेल्या वर्गातला रोल नंबर सरांना आठवतो तो डिफॉल्टर यादीमुळे. तरी सर भले. म्हणतात, ‘‘अरे, तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो.’’ मग पोरगं रात्रभर जागून स्वतःबद्दल लिहितं, ‘माझ्या प्रदीर्घ अध्यापनात इतका विनम्र विद्यार्थी मी पाहिलेला नाही.’

अर्जात एक हक्क सोडण्याची चौकटही असते. प्रवेश घेतल्यावर आपल्याबद्दलची पत्रं पाहण्याचा हक्क अमेरिकेच्या १९७४ च्या कायद्यानं विद्यार्थ्याला दिलाय. तो आधीच सोडला, तर पत्र प्रांजळ मानलं जातं. पोरगं शहाणं, बिनदिक्कत हक्क सोडतं. पत्राची फाइल त्याच्याच लॅपटॉपवर आहे.