सर्वांत कमी दराच्या साहेबांस

प्रति,
माननीय खरेदी प्रमुख,
पिंपरी, भोसरी, तळवडे, कुरुळी, म्हाळुंगे, निघोजे, चाकण. जिथे जिथे आपले टेबल असेल तिथे.

विषय : आपण कधीही अंगात न घालता मंजूर केलेला गणवेश आणि कधीही न वापरता विकत घेतलेले ॲप.

महोदय,


आपले नाव मी लिहीत नाही. लिहिले तर ती एका माणसाची तक्रार होईल आणि बाकीचे सुटतील. आपण भोसरीच्या पत्र्याच्या शेडमध्येही बसता आणि चाकणच्या काचेच्या इमारतीतही. आपली ओळख एकच आहे. आपल्यापुढे तीन कोटेशन येतात, आपण त्यांतला सर्वांत खालचा आकडा शोधता आणि सही करता. मग ती वस्तू वर्ष-दोन वर्षे दुसऱ्याच कोणाच्या तरी अंगावर, पायात किंवा हातात जाते. जो निवडतो तो वापरत नाही आणि जो वापरतो त्याला कोणी विचारत नाही, हा माझा आपल्यावरचा आरोप आहे. पुढचे सगळे पत्र त्याचा पुरावा आहे.

गणवेशापासून सुरुवात करतो. शर्टाचा खिसा घ्या. त्यात पेन असते, सहा इंची स्टीलची पट्टी असते, गेट पास असतो, मोबाइलला बंदी नसेल तर मोबाइलही असतो. माणूस शिफ्टभर वाकतो, उठतो, पुन्हा वाकतो आणि सगळा ताण खिशाच्या वरच्या दोन कोपऱ्यांवर येतो. तिथे दाट आडवी शिलाई, म्हणजे बारटॅक, मारली की खिसा शर्टाइतकाच टिकतो. मशीनवर तिला काही सेकंद लागतात. आपण मंजूर केलेल्या शर्टावर ती नसते, कारण तेवढ्या सेकंदांचे पैसे कोटेशनमधून कापून घेतलेले असतात. १८७३ मध्ये अमेरिकेतल्या रिनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस याने लेव्ही स्ट्रॉसबरोबर पेटंट घेतले, ते याच दुखण्यावर. मजुरांच्या पँटी खिशाच्या कोपऱ्यात फाटतात हे त्याला गिऱ्हाइकांकडून कळले आणि त्याने तिथे तांब्याची रिव्हेट ठोकली. एका गावच्या शिंप्याला दीडशे वर्षांपूर्वी जे ऐकू आले, ते आपल्या वातानुकूलित खोलीपर्यंत अजून पोहोचलेले नाही.

पँटचेही तेच. खालच्या बिनमधून नग उचलायला उकिडवे बसावे लागते. दोन पायांच्या मधली शिलाई एकेरी असेल तर ती नेमकी तेव्हा उसवते आणि माणूस उरलेली शिफ्ट पाठ भिंतीकडे करून काढतो. दुहेरी शिलाई आणि एक छोटा जोडतुकडा एवढ्यावर हे टळते. आपण स्वतःचे कपडे घेताना ट्रायल रूममध्ये हात वर करून, बसून, वळून पाहता. इतरांसाठी घेताना आपण फक्त एक्सेल शीट खाली-वर करून पाहिली.

कापडाबद्दल माझे मत ठाम आहे. ग्राइंडिंगची ठिणगी सुती कापडावर पडली तर तिथे जळके भोक पडते. पॉलिस्टरचे तसे नसते. ते वितळते आणि कातडीला चिकटते. वेल्डिंग आणि ग्राइंडिंगच्या माणसाला निखळ सुती जाड ड्रिलच हवे. जुळणीच्या आणि पॅकिंगच्या लोकांना सूत जास्त असलेले मिश्र कापड चालते आणि पावसाळ्यात ते सोयीचेही पडते. म्हाळुंगेच्या एका खोलीत चार-पाच जण राहतात, लातूर-नांदेडहून आलेल्या ट्रेनी पोराकडे गणवेशाचे दोनच जोड असतात. रात्री धुतलेले सकाळपर्यंत वाळावे लागते. म्हणजे कामाप्रमाणे कापड बदलते. आपण मात्र सगळ्या शॉपला पॉलिस्टरभरला एकच टेरीकॉट दिला, कारण एका पीओवर, म्हणजे खरेदी आदेशावर, एकच दर पडतो आणि मोठ्या संख्येला आणखी सूट मिळते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली तो शर्ट अंगाला कसा चिकटतो, हे आपल्या तुलना-तक्त्याच्या कोणत्याच रकान्यात येत नाही.

मापाचा प्रश्न तर सुरक्षेचाच आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २२ ने हे लिहून ठेवले होते : चालू यंत्राची तपासणी किंवा तेल-वंगण करणाऱ्या माणसाने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत आणि ते कारखानदाराने पुरवावेत. कायदा करणाऱ्यांना ढगळ बाहीची भीती कळली होती. आज जुळणीच्या ओळींवर मुली उभ्या आहेत आणि उत्तम काम करत आहेत. त्यांना आपण पुरुषांच्या मापातला सर्वांत लहान शर्ट देता. खांद्याची शिलाई दंडावर येते, बाही बोटांवर येते, मग ती दुमडावी लागते आणि दुमडलेली बाही फिरत्या स्पिंडलजवळ सुटते. बायकांच्या मापाचा वेगळा साचा कापायला शिंप्याने थोडे जास्त मागितले, म्हणून आपण तो नाकारला. उद्या काही झाले तर चौकशीच्या अहवालात त्या मुलीचा निष्काळजीपणा लिहिला जाईल, आपली सही नाही.

आता मी आपल्याच खात्यातला पुरावा देतो. सीएनसी मशीनला लागणारा कार्बाइड इन्सर्ट आपण कसा घेता? नगाची किंमत पाहून कधीच घेत नाही. एका कडेवर किती नग निघाले, मशीन किती वेळा थांबले, फिनिश कसे आले, हे सगळे मांडून आपण प्रत्येक नगामागचा खर्च काढता. महाग इन्सर्ट जास्त नग देत असेल तर तोच घेता आणि अभिमानाने सांगता की यात पैसा वाचला. मायक्रोमीटर घेताना तर आपण स्वस्तातला मागवतच नाही, कारण मोजमाप चुकले की गिऱ्हाईक माल परत पाठवेल. म्हणजे हिशेब आपल्याला येतो. तो फक्त माणसाच्या बाबतीत आपण करत नाही. समजा, ४०० रुपयांचा जोड चार महिने टिकला आणि ७०० रुपयांचा चौदा महिने. पहिल्याचा महिन्याचा खर्च १०० रुपये, दुसऱ्याचा ५०. हा भागाकार चौथीतल्या मुलालाही येतो. इन्सर्टसाठी आपण तो रोज करता आणि शर्टाच्या फाइलवर विसरता.

बुटांवर आयएस १५२९८ चा शिक्का असतो, पुढे पोलादी टोपी असते, ऑडिटरचे समाधान होते. पण शिक्का बोटे वाचवतो. आठ तास काँक्रीटवर उभे राहणाऱ्या टाचेचे काय? आतला सुखतळा दोन महिन्यांत कागदासारखा चपटा होतो आणि पोरे स्वतःच्या पगारातून भोसरीच्या बाजारात नवा घेतात. हा खर्च आपल्या तुलना-तक्त्यात नसतो, म्हणून आपल्या दृष्टीने तो झालेलाच नसतो.

आता ॲपकडे येतो. हजेरीचे ॲप आपण एका सादरीकरणात पाहिले. दिवसाउजेडी, नव्या फोनवर, ऑफिसच्या वायफायवर. वापर कुठे होतो? रात्री तिसऱ्या शिफ्टच्या वेळी, गेटबाहेर, पावसात, बस उशिरा आल्यावर, जुन्या भरलेल्या फोनवर, नेटवर्क एका काडीवर असताना. चेहरा ओळखला जात नाही, चाक फिरत राहते आणि कंत्राटी माणसाचा अर्धा दिवस जातो. तो दाद मागायला गेला तर त्याला सांगतात, सिस्टीममध्ये नाही. तो तीस पावलांवर उभा असताना तो आलाच नाही असे म्हणणारे यंत्र आपण खरेदी केले, आणि त्याचे नाव ठेवले उत्पादकता.

तीच गत टॅबलेटवरच्या चेकशीटची. हातमोजे काढल्याशिवाय स्क्रीन चालत नाही. यादी इंग्रजीत आहे आणि दोष ज्या नावाने ओळीवर ओळखला जातो ते नाव तिच्यात नाही. म्हणून पोरगा सगळ्यांत वरचा पर्याय दाबतो आणि पुढे जातो. आपल्या डॅशबोर्डवर मात्र सगळे हिरवे दिसते. शिवाय ऑडिटरला कागद हवा, म्हणून तेच आकडे पुन्हा कागदावर भरायचे. एक काम दोनदा करून घेणाऱ्या साधनाला मी साधन म्हणत नाही. याउलट ओळीच्या टोकाला टांगलेला तासागणिक उत्पादनाचा पांढरा फळा पाहा. मार्कर, चार रकाने, सगळ्यांना लांबून दिसणारा. काय अडले ते तिथेच लिहिले जाते आणि सुपरवायझर तिथेच वाचतो.

यंत्रे मला आवडतात, म्हणूनच वाईट यंत्रांची चीड येते. ठरलेल्या आवळणीला ‘खट्’ वाजणारा टॉर्क रेंच ही मला ओळीवरची सर्वांत सुंदर वस्तू वाटते. तो हाताला सांगतो, आता थांब. त्याला शिकवणी लागत नाही, पासवर्ड लागत नाही, हातमोजा काढावा लागत नाही. तो कोणीतरी बोल्ट आवळणाऱ्याच्या बाजूला उभे राहून घडवला आहे, हे तो हातात घेताच कळते. चांगल्या शर्टाचेही मला तसेच कळते, बाहीत हात घालताच.

आपल्या भिंतीवर कायझेनचे, ५ एसचे, गेम्बाचे फलक आहेत. त्या सगळ्याच्या मुळाशी कापड आहे. टोयोटाचे मूळ पुरुष साकिची तोयोदा आईला मागावर विणताना पाहत वाढले. १८९१ मध्ये त्यांना पहिले पेटंट मिळाले ते लाकडी हातमागाचे. १९२४ च्या त्यांच्या स्वयंचलित मागात धागा तुटला की माग आपोआप थांबे, म्हणजे सदोष कापड पुढे जात नसे. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्या मागाचे हक्क विकत घेतले आणि दोष दिसताच थांबण्याचा हाच विचार पुढे टोयोटाच्या मोटारींच्या ओळीवर गेला. तिथून तो आपल्या चाकणला आला, फलकावर. तोयोदांच्या मागात एक धागा तुटला तर सगळे थांबत असे. आपल्या व्यवस्थेत माणसाच्या अंगावरची शिलाई तुटते, तो सेफ्टी पिन लावतो आणि ओळ चालू राहते.

आपले उत्तर मला माहीत आहे. वरच्या कंपनीने दर वर्षी किंमत कमी करायला सांगितली आहे, ऑडिटर विचारतो की सर्वांत स्वस्त का घेतले नाही, आणि चांगला पुरवठादार मिळत नाही. पहिले खरे आहे. भोसरीच्या छोट्या कारखानदाराची मान त्या दरकपातीत खरोखर अडकलेली आहे आणि त्याबद्दल मला त्याच्याविषयी कळवळा आहे. पण गणवेशावर महिन्याला ५० रुपयांच्या जागी १०० रुपये खर्चून दरकपात भरून निघत नाही. दुसऱ्याचे उत्तर सरकारने दिले आहे. ज्या सरकारी खरेदीत सर्वांत कमी दर हा धर्म मानला जाई, तिथे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये बांधकामांच्या आणि काही सेवांच्या निविदांत दर्जाला ३० टक्क्यांपर्यंत गुण द्यायची मुभा दिली. सरकार हलले, आपण हलला नाहीत. तिसरे साफ खोटे आहे. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून तिथे कापड विणले जाते. सोलापुरात गणवेश शिवणारा मोठा उद्योग आहे आणि तिथला माल राज्याबाहेरही जातो. हे सगळे एका रात्रीच्या ट्रकच्या अंतरावर आहे. तिथला शिंपी बारटॅक मारायला तयार आहे. आपण त्याला तिचे पैसे द्यायला तयार नाही.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट लिहितो.

एक, गणवेशाचा नमुना ऑर्डरपूर्वी वेगवेगळ्या शॉपमधल्या माणसांनी महिनाभर वापरावा, घरी धुवावा, आणि मग त्यांनी सही करावी. त्यांच्या सहीशिवाय पीओ निघू नये.

दोन, कापडाचे वजन, सुताचे प्रमाण, शिलाईचा प्रकार, बारटॅकच्या जागा आणि धुतल्यावर आटण्याची मर्यादा पीओवर लिहावी. आलेला लॉट नमुन्याशी ताडून पाहावा. नमुना एक आणि लॉट दुसराच, हा खेळ आपल्याला माहीत आहे.

तीन, बायकांच्या मापाचा वेगळा साचा असावा आणि वेल्डिंगला वेगळे कापड. यावर घासाघीस नको.

चार, कोणतेही ॲप रात्रीच्या शिफ्टला, गेटवर, पावसात, कामगाराच्याच फोनवर चालवून पाहावे. ते बंद पडले तर हजेरी रजिस्टरवर लागावी आणि पगार कापला जाऊ नये. ॲप आले की तोच कागद जावा. दोन्ही ठेवायचे असतील तर ॲप घेऊ नये.

पाच, आपण मंजूर केलेला शर्ट, पँट आणि बूट घालून आपण स्वतः मे महिन्यात एक पूर्ण शिफ्ट ओळीवर उभे राहावे. बसायचे नाही, ऑफिसात जायचे नाही. शिफ्ट संपली की तुलना-तक्ता पुन्हा उघडावा आणि ज्या रकान्यात फक्त दर आहे त्याच्या शेजारी दुसरा रकाना काढावा : किती महिने टिकला.

तो रकाना ज्या दिवशी आपल्या तक्त्यात येईल, त्या दिवशी हे पत्र मी मागे घेईन. तोपर्यंत हे प्रत्येक गेटवर, प्रत्येक कँटीनच्या फळ्यावर लागावे अशी माझी इच्छा आहे. आणि कामगार बंधू-भगिनींना माझी विनंती आहे : पुढच्या वेळी खिसा फाटला तर सेफ्टी पिन लावू नका. तो फाटका शर्ट खरेदी विभागाच्या टेबलावर नेऊन ठेवा आणि पोच मागा.

कळावे,

आपण निवडलेला शर्ट रोज घालणारा,
भोसरी-चाकण पट्ट्यातला एक कामगार