आवाज आहे, आत्या नाही

घरात एकाला व्हिडिओ एडिटिंग येतं ही बातमी फुटली, की त्याचे रविवार नातेवाइकांच्या मालकीचे होतात. आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाचे व्हिडिओ 'तुझ्या हातचा मळ आहे' म्हणत असेच माझ्याकडे सरकवण्यात आले. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा, म्हणजे आत्याला दिव्यांनी ओवाळल्याचा, भाच्याच्या नव्या कोऱ्या फोनवर काढलेला. टाइमलाइनवर ओढला तर खाली आवाजाची पट्टी उमटली आणि वर काळोख. सॉफ्टवेअरचं म्हणणं एवढंच, की कोडेक सापडत नाही.

चित्र नसलं की माणूस कान देऊन ऐकतो. ओवाळताना बायका गात होत्या अशी माझी समजूत होती. फोनजवळच्या दोघी गात नव्हत्या.

"साडी छान आहे गं, पण मुंजीत हीच होती ना?"

"श्रीखंड विकतचं आहे. घरचं एवढं पिवळं होत नाही."

"हळू बोल, शूटिंग चाललंय."

"चालू दे. त्यात आवाज कुठला यायला!"

मी ताईला फोन केला. म्हटलं, "आत्याचा आवाज येतोय, पण आत्या दिसत नाहीये." पलीकडे क्षणभर शांतता. मग कापऱ्या आवाजात, "कधी झालं रे?"

पुढे सल्लागार जमले. शेजारचा इंजिनीअर मुलगा म्हणाला, "काका, एमपी४ आहे ना? मग चालायलाच पाहिजे." एमपी४ हे नुसतं वेष्टन. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून बसवलंय, म्हणजे कोडेक कोणता, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी मीडियाइन्फोसारखं साधन लागतं. त्यात उत्तर निघालं: एच.२६५. दुसऱ्याने कोडेक पॅक टाकायला सांगितला. तो सायबर कॅफेच्या काळातला रामबाण. पण आजची पुष्कळ एडिटिंग सॉफ्टवेअर आपले कोडेक आपल्यापाशीच बाळगतात आणि तुम्ही बाहेर काय टाकलंत याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. गंमत म्हणजे व्हीएलसीमध्ये तोच व्हिडिओ निमूटपणे चालला. फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा फुकटचा प्लेअर सगळं खातो, आणि एडिटिंगवालं मात्र नाक मुरडतं.

आता हे दाबणं लागतंच कशाला? साध्या १०८० च्या चित्राची एक चौकट सुमारे २० लाख ठिपक्यांची. ठिपक्याला ३ बाइट, सेकंदाला ३० चौकटी. म्हणजे मिनिटाला ११ जीबी. पसायदानापर्यंत पोचायच्या आत फोन भरेल. म्हणून कोडेक प्रत्येक चौकट पुन्हा पुन्हा लिहीत नाही, मुख्यतः बदल तेवढा टिपतो. अण्णाकाका पूर्ण कार्यक्रमभर खुर्चीत झोपले होते. त्यांचा खर्च जवळपास शून्य. घरातल्या मुलांनी मात्र धावून धावून निम्मी फाइल खाल्ली असणार.

हे काम एच.२६५ फार छान करतं. २००३ च्या एच.२६४ च्या साधारण निम्म्या जागेत तसंच चित्र बसतं. २०१३ मध्ये ते मान्य झालं, २०१७ मध्ये आयफोनने नव्या मॉडेलांवर नेमाने वापरायला घेतलं. मग अडतं कुठे? पेटंटात. या कोडेकचे हक्क म्हणजे वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा. २०१४ मध्ये हिस्सेदारांचा एक गट वसुलीला उभा राहिला, २०१५ मध्ये दुसरा, २०१७ मध्ये तिसरा. शिवाय कुठल्याच गटात न जाता 'माझं मी बघतो' म्हणणारे वेगळे. तेव्हा फुकट आवृत्ती देणारा सॉफ्टवेअरवाला ते शेत लांबूनच टाळतो. माझ्या यंत्राला आत्या दिसायला काहीच अडचण नव्हती. अडचण कागदपत्रांची होती, आणि तो आजार आपल्याला नवा नाही.

उपाय रूपांतराचा. त्यासाठीचं हँडब्रेक हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात एच.२६४ निवडायचं आणि फ्रेम रेट 'कॉन्स्टंट' ठेवायचा, कारण फोन आपल्या मर्जीने सेकंदाला कमी-जास्त चौकटी टिपतो आणि मग टाळी आधी दिसते, वाजते नंतर. चोखंदळ मंडळी प्रोरेस नावाच्या कोडेकमध्ये रूपांतर करतात. ते संपादनाला लोण्यासारखं मऊ, पण मिनिटाला साधारण १ जीबी. आमच्या सोहळ्याला तेवढी डिस्क परवडणारी नव्हती.

एच.२६४ केल्यावर आत्या दिसली. श्रीखंडावर मी सनई टाकली.

तेव्हा कार्यक्रमाला फोन घेऊन उभं राहणाऱ्या सर्वांना विनंती: आयफोन असेल तर आधी सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे जाऊन 'मोस्ट कॉम्पॅटिबल' निवडा. दुसऱ्या फोनमध्ये 'हाय एफिशियन्सी' दिसलं तर बंद करा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. 'एचडी' लिहिलेलं असलं तरी तो वाटेत दाबला जातोच.