बेस कँपपूर्व अवस्थेची चिकित्सा

नेपाळच्या खुंबू खोऱ्यात लुकल्याहून निघून, वाटेवरच्या लॉजमध्ये मुक्काम करीत, एव्हरेस्टच्या दक्षिणेकडील बेस कँपपर्यंत म्हणजे ५,३६४ मीटर उंचीपर्यंत पायी जाऊन परत येणे, या उद्योगाला मराठी मध्यमवर्गात आज जी प्रतिष्ठा आहे, ती एके काळी काशीयात्रेला आणि मधल्या काळात युरोपातील दहा देशांच्या सहलीला होती. या उद्योगाचे दोन भाग पडतात. पूर्वतयारी हा पहिला भाग पुणे, ठाणे, डोंबिवली आदी ठिकाणी सुमारे सहा महिने चालतो. प्रत्यक्ष चालणे हा दुसरा भाग त्या मानाने गौण असून तो किती दिवसांचा असावा हे कार्यालयातील शिल्लक रजेवर ठरते. प्रस्तुत विवेचन पहिल्या भागापुरते आहे, कारण दुसऱ्या भागाची छायाचित्रे वाचकांना त्यांच्या आप्तेष्टांनी दाखवलेली असणारच.

पूर्वतयारीचे आद्यपीठ म्हणजे सिंहगड. दर रविवारी पहाटे आतकरवाडीच्या वाटेने पाठीवरील पिशवीत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन गड चढणे, चढाईची वेळ मनगटावरील घड्याळात नोंदवणे, मागील आठवड्यापेक्षा ती दोन मिनिटांनी कमी झाल्याचे गटावर जाहीर करणे आणि मग वर पिठलं-भाकरी, कांदाभजी व मडक्यातले दही यांच्या साहाय्याने खर्ची पडलेल्या उष्मांकांची सव्याज परतफेड करणे, असा हा विधी आहे. पायांना आणि दमाला त्याचा निश्चित लाभ होतो, हे मान्य केलेच पाहिजे. अडचण भूगोलाची आहे. सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास, तर महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. लुकल्याची धावपट्टी मात्र २,८६० मीटरवर आहे; म्हणजे विमानाचे दार उघडून पहिला पाय खाली टाकताच ट्रेकर संपूर्ण महाराष्ट्राच्या वर जाऊन पोहोचतो आणि येथवर केलेला सारा सराव त्याच्या पायाखाली राहतो.

उंचीवर नेमके काय घडते, याविषयीचा एक समज येथे दूर करणे इष्ट आहे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण वर गेल्यावर घटत नाही, ते तेथेही सुमारे २१ टक्केच असते; घटतो तो हवेचा दाब, आणि त्यामुळे बेस कँपवर प्रत्येक श्वासागणिक हाती लागणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा भरतो. शरीर यावर उपाय करते. ते श्वास वाढवते, त्यामुळे रक्ताचे बिघडलेले आम्ल-अल्कली संतुलन मूत्रपिंडे काही दिवसांत सावरतात, आणि तांबड्या पेशींची वाढ त्याहून सावकाश, आठवड्यांच्या हिशेबाने होते. या जुळवून घेण्याला अॅक्लमटायझेशन म्हणतात. त्यासाठी लागणारे द्रव्य एकच, ते म्हणजे वेळ. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच ठिकाणी थांबावे, हा वैद्यकीय संकेत त्यातूनच आला आहे. नामचे बाजार (३,४४० मीटर) आणि डिंगबोचे (४,४१० मीटर) येथे दोन-दोन रात्री काढण्याची प्रथा म्हणजे या संकेताचेच पालन होय. तंदुरुस्तीने या प्रक्रियेला वेग येत नाही. उलट सिंहगड विक्रमी वेळेत चढणारा उत्साही तरुण येथेही सर्वांच्या पुढे धावतो आणि संध्याकाळी डोके धरून बसलेल्यांतही पहिला असतो, तर गटात ज्यांच्याविषयी सर्वांना काळजी होती त्या साठीच्या काकू दर दहा पावलांवर थांबत, वाटाड्याच्या ‘बिस्तारै, बिस्तारै’ या नेपाळी मंत्राबरहुकूम चालत, जेवणाच्या वेळी दुसऱ्यांदा भात मागतात.

मात्र वेळ दुकानात मिळत नाही. जे दुकानात मिळते त्याची तयारी त्यामुळे अत्यंत काटेकोर होते. उणे तापमानाची झोपण्याची पिशवी, पिसांचे जाकीट, घोट्याच्या वरपर्यंत येणारे जलरोधक बूट, चालण्याच्या काठ्या, कपाळावर बांधायचा दिवा, बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे ऑक्सिमीटर असे साहित्य सहा महिन्यांत घरी गोळा होते आणि मग लुकल्याच्या छोट्या विमानात हातातल्या सामानासह माणशी साधारण पंधरा किलोच नेता येतात, हा शोध आदल्या रात्री लागतो. तेव्हा पहिला बळी अर्थातच औषधांचा पडतो, कारण जाकिटाचे छायाचित्र काढायचे असते. अॅसिटाझोलामाइड या गोळीची गोष्ट वेगळी, ती प्रत्येकाच्या खिशात असते. मूत्रपिंडांकरवी शरीराचे जुळवून घेणे लवकर व्हावे यासाठी ही गोळी दिली जाते आणि त्याच कारणाने ती रात्री तीन-चार वेळा उठायलाही लावते; हा तपशील गोरक्षेपच्या (५,१६४ मीटर) लॉजमध्ये, बोळाच्या टोकाला बर्फाने गुळगुळीत झालेल्या शौचालयाकडे जाताना स्पष्ट होतो. गोळी घेतली म्हणजे थांबण्याची गरज उरली नाही, असा जो निष्कर्ष काही गटांत काढला जातो, त्याला वैद्यकशास्त्रात आधार नाही, पण रजेच्या अर्जात भक्कम आधार आहे.

लॉज या संस्थेचाही थोडा परिचय करून घ्यावा लागेल, कारण पूर्वतयारीतील खाद्यविभाग तिच्याविषयीच्या अज्ञानावरच उभा असतो. वाटेवरील लॉज बहुतांशी शेर्पा कुटुंबे चालवतात. खोल्यांच्या भिंती प्लायवूडच्या असल्याने शेजारच्याची कूस बदलणेही ऐकू येते, आणि ऊब फक्त जेवणाच्या दालनात मधोमध ठेवलेल्या लोखंडी शेगडीजवळ असते, जिच्यात बऱ्याच ठिकाणी याकच्या वाळलेल्या शेणाच्या गोवऱ्या जळतात. खोलीचे भाडे अगदी नाममात्र असते, ते पाहुणा सकाळ-संध्याकाळ तेथेच जेवेल या अलिखित करारावर. लुकल्याच्या पुढे मोटाररस्ता नाही. तांदळाचा दाणान् दाणा भारिये म्हणजे हमाल, खेचरे किंवा याक आणि गाय यांच्या संकरातून झालेले झोपक्यो यांच्या पाठीवरून वर येतो, म्हणून उंचीबरोबर भावही चढतात. दालभात तेवढा पोट भरेपर्यंत पुन्हा वाढला जातो. या अर्थव्यवस्थेत मराठी गट मेतकूट, थालीपिठाची भाजणी, लसणाची चटणी आणि भाकरवडी घेऊन दाखल होतो, सहा जणांत दोन दालभात मागवतो, गरम पाणी तेवढे फुकट मिळेल का अशी चौकशी करतो आणि शेगडीभोवती डबे उघडून बसतो. हवेचा दाब घटल्यामुळे चिवड्याचे पाकीट एव्हाना उशीसारखे फुगलेले असते, हे गटातील अभियंता सर्वांना सप्रमाण समजावून सांगतो. हाच नियम आपल्या फुप्फुसांनाही लागू आहे, इथपर्यंत मात्र त्याचे विवेचन पोहोचत नाही.

आता मूळ प्रश्न रजेचा. काठमांडूसह चौदा दिवसांचा कार्यक्रम हाती येताच त्याची छाटणी सुरू होते. गर्दीच्या हंगामात लुकल्याची बरीच विमाने काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली येथून सुटतात, त्यासाठी मध्यरात्री मोटारीने निघावे लागते, आणि ढग उतरले की ती सुटतच नाहीत. तरीही हवामानासाठी राखलेले दोन दिवस सर्वप्रथम कापले जातात. मग नामचेचा विश्रांतीचा दिवस कापला जातो, कारण त्या रकान्यात ‘विश्रांती’ असे लिहिलेले असते आणि विश्रांतीसाठी रजा मंजूर करून घेणे कोणाही स्वाभिमानी नोकरदाराला कमीपणाचे वाटते. पाठोपाठ डिंगबोचेचा दिवस जातो. शेवटी काला पत्थर या ५,५०० मीटरहून उंच टेकाडाची पहाटेची चढाईही गळते, कारण गोरक्षेपहून परतीचे हेलिकॉप्टर सकाळीच असते. येथे विम्याचा उल्लेख आवश्यक आहे. उंचीवरील सुटकेचा विमा हा सुज्ञ तयारीचा भाग खरा, परंतु अनावश्यक उड्डाणांचे खोटे दावे इतके बोकाळले की २०१८ साली नेपाळ सरकारला त्यांची चौकशी करावी लागली. मराठी गटांत या सोयीकडे पाहण्याची दृष्टी अधिक व्यवहारी आहे: हप्ता भरलाच आहे तर तो वाया का घालवा.

परतल्यावर सोसायटीच्या आवारात शाल, श्रीफळ आणि ‘एव्हरेस्टवीर’ असा फलक सिद्ध असतो. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने २०१२ साली नागरी गिर्यारोहकांची मोहीम खरोखरच शिखरावर नेली होती. तेव्हापासून एव्हरेस्ट या शब्दावर शहराचा काहीसा सामायिक हक्क प्रस्थापित झाला आहे, त्यामुळे बेस कँप आणि शिखर यांमधील जवळजवळ साडेतीन हजार मीटरच्या अंतराविषयी कोणी शंका घेत नाही. अडते ते फलकाच्या मजकुराशी निगडित एका तांत्रिक बाबीवर. बेस कँपवरून एव्हरेस्टचे शिखर दिसत नाही, शेजारच्या नुप्त्से शिखराची भिंत आणि एव्हरेस्टचीच पश्चिमेकडील सोंड मध्ये येते. ते नीट दिसते ते नामचेच्या वरच्या उंचवट्यांवरून, जेथे विश्रांतीच्या दिवशी जातात, आणि काला पत्थरवरून. फलकावरील शिखराचे छायाचित्र त्यामुळे सचिवांना इंटरनेटवरून घ्यावे लागते.