दगड सोडून सगळं

महाराष्ट्रात दगड शोधायला निघणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात टाळकरी शोधायला निघणं. राज्याचा जवळजवळ चार-पंचमांश भाग काळ्या बेसॉल्टवर बसला आहे. जाल तिकडे तोच कातळ, तेच डबर, तीच खडी. तरीही थंडी पडली की काही माणसं पाठीला पिशवी लावून, हातात हातोडी घेऊन, कानटोपी चढवून भल्या पहाटे घराबाहेर पडतात. घरचे त्यांना कंटाळलेले असतात. घरकामाला येणाऱ्या मावशी त्यांच्या काचेच्या कपाटाला फडकं लावायला साफ नकार देतात.

अशाच तिघांची ही सहल. एक निवृत्त बँक अधिकारी, ज्यांना सगळे काका म्हणतात. एक भूगोलाच्या बाई. आणि बाईंचा भाचा, ज्याला दगडातलं काही कळत नाही, पण गाडी चालवता येते. बेत मुंबई ते चंद्रपूर असा लांबलचक, आणि हवे होते फक्त स्फटिक.

सुरुवात वरळीला. जिथे चौरस फुटाचा भाव ऐकून माणसाला घेरी येते, तिथे दगड शोधणारा वेडाच ठरायचा. पण काकांचा आग्रह इतिहासाचा होता. एकोणिसाव्या शतकात इथल्या थरांत बेडूक सापडले होते. लाव्हाच्या एका लोंढ्यानंतर दुसरा येईपर्यंत जी उसंत मिळाली, तिच्यात साचलेल्या पाण्याच्या गाळात ते गाडले गेले आणि साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास तिथेच राहिले. जी. टी. क्लार्क नावाच्या इंजिनिअरने पाठवलेल्या नमुन्यांवरून रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. हे तेच ओवेन, ज्यांनी १८४२ मध्ये डायनोसॉरचं बारसं केलं. त्याच हातांनी त्यांनी वरळीच्या चिमुकल्या बेडकाचंही नाव ठेवलं. बेडकांच्या जोडीला पुढे कासवही निघालं.

"म्हणजे इथे तेव्हा तळं होतं," बाई समुद्राकडे पाठ करून म्हणाल्या.

"मावशी, जुलैत ये. आताही असतं," भाचा म्हणाला.

बोरघाट त्यांनी गाडीतूनच पाहिला. मुंबई-पुणे लोहमार्गाचा हा अवघड टप्पा १८६३ मध्ये पुरा झाला. रूळ टाकण्यासाठी कातळ फोडताना इतके देखणे स्फटिक निघाले, की ते थेट विलायतेच्या संग्रहालयांत जाऊन बसले. ज्यांनी घण घातले त्यांच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हे सांगायला नकोच. आज त्याच घाटातून जाणारा माणूस वर चढल्यावर चिक्की शोधतो, आणि ती त्याला हमखास मिळते. दगडवेड्यांच्या नशिबी एवढी खात्री नसते.

खरी आशा वाघोलीवर होती. लाव्हा निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपलं आणि पाण्यातल्या क्षारांचे स्फटिक धरले: स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट, स्कोलेसाइट असे नाना प्रकार. खाणवाल्याच्या लेखी ही पोकळी म्हणजे खोट. त्याला हवा असतो भरीव दगड, जो क्रशरमध्ये टाकला की सरळ खडी होते. सुरुंगानंतर पोकळी उघडली की मुकादम कपाळाला हात लावतो, आणि परदेशातला संग्राहक त्याच पोकळीसाठी डॉलर मोजतो. वाघोलीच्या खाणींनी तर कॅव्हन्साइट दिलं. हे गडद निळं खनिज पहिल्यांदा सापडलं अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात. १९७३ मध्ये त्याचं रीतसर वर्णन झालं. पण जगात मिरवावेत असे नमुने पुरवले ते पुण्याच्या वेशीवरच्या या गावाने.

आता ते गाव कसलं, टॉवरांचं रान. एका खाणीच्या फाटकाशी रखवालदाराने तिघांना अडवलं.

"कुठल्या खात्याचे?"

"कुठल्याच नाही," काका म्हणाले.

"मग दगड कशाला बघताय?"

या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही दगडवेड्याकडे उत्तर नाही. खाण चालू होती, परवानगी नव्हती, तेव्हा रखवालदाराचंच बरोबर होतं. त्याने पलीकडची बंद पडलेली खाण दाखवली. तिथे पाणी साचलेलं. काठाला गणपतीचे पाट, थर्माकोलचं अर्धं मखर आणि एक शाबूत क्रिकेटचा चेंडू. एवढ्यात भाचा ओरडला. खडीच्या ढिगात निळं काहीतरी चमकत होतं. काकांनी गुडघे टेकले, बाईंनी भिंग काढलं. पुष्कळ वेळ कोणी बोललं नाही. मग बाईंनी तो नमुना बादलीच्या कानापासून तुटलेलं प्लॅस्टिक असल्याचं जाहीर केलं. काकांनी तरीही तो खिशात टाकला.

राहुरीच्या वाटेवर काकांनी मोमीन आखाड्याची गोष्ट सांगितली. तिथे विहीर खोदताना हिरव्या ॲपोफिलाइटचे चमचमते गोळे निघाले. परदेशातले हौशी त्यांना 'डिस्को बॉल' म्हणतात आणि जपून कपाटात ठेवतात. विहीर खोदणाऱ्याला हवं असतं पाणी. त्याला एक वेळ खारं पाणी चालेल, पण डिस्को बॉल घालून कांदा येत नाही.

या प्रवासात तिघांना आणखी एक शोध लागला. महाराष्ट्रात रानात वाकून जमीन बघणारा माणूस लोकांना दगडवेडा वाटतच नाही. तो मोजणीवाला वाटतो. बाईंनी बांधावर बसून हातोडी काढली, की दहा मिनिटांत मोटरसायकल येऊन थांबे. "रस्ता कुठून जाणार?" "मोबदला किती?" एका आजोबांनी तर, आपली विहीर नकाशात दाखवायला विसरू नका, असं बजावलं आणि चहा पाजला. नाही म्हणून काही उपयोग होत नाही. लपवतायत, एवढाच त्याचा अर्थ लोक घेतात.

नागपूर ओलांडल्यावर बाईंनी कर्नल स्लीमन यांचा किस्सा काढला. ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून ते प्रसिद्ध. पण १८२८ मध्ये जबलपूरजवळ त्यांना काही अवजड हाडं सापडली. माग ठगांचा काढणाऱ्या माणसाला मिळाला डायनोसॉर! अर्थात तेव्हा हा शब्दच जन्माला आला नव्हता. पुढे १८७७ मध्ये त्या हाडांना 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असं नाव मिळालं, आणि त्यानंतर ती चक्क हरवली. बरीच वर्षं सरल्यावर ती पुन्हा मिळाली, तीही कोलकात्यातल्या संग्रहात. जमिनीत कोट्यवधी वर्षं टिकलेली वस्तू हरवायला एक सरकारी कपाट पुरतं.

आणि मग वरोरा तालुक्यातलं पिसदुरा आलं.

पिसदुऱ्याच्या वावरांत स्फटिक नाहीत. तिथे जमिनीवर पडलेले असतात करडे-तपकिरी, गोलसर, किंचित पिळदार गोळे. बाईंनी एक हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. बांधावरून एक शेतकरी पाहत होता.

"का पाहून राहिले जी?"

"दगड."

"दगडासाठी एवढ्या दुरून आले? लय हायेत आमच्या वावरात. सारेच न्या, नांगराले अडतात."

"हे दगड नाहीत दादा. शेण आहे. डायनोसॉरचं."

शेतकऱ्याने गोळा घेतला, फिरवला, नाकाशी नेला. "वास तं नाही येत जी," तो म्हणाला. मग क्षणभर विचार करून, "खत होते का याचं?"

भाचा हसला, पण प्रश्न नेमका होता. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या सफोक आणि केंब्रिजशायर भागात असे गोळे खतासाठीच खणून काढत. त्यातलं फॉस्फेट पिकाला लागे. त्यातले बरेचसे खरं तर शेण नव्हतेच, पण नाव 'कॉप्रोलाइट', म्हणजे शेणाचा दगड, असंच पडलं होतं, आणि इप्सविच शहरात आजही त्या नावाचा रस्ता आहे. विल्यम बकलंड नावाच्या भूवैज्ञानिक पाद्र्याने तर असे गोळे कापून, घासून एका टेबलावर जडवून घेतले होते. ते टेबल लाइम रेजिसच्या संग्रहालयात आहे. त्याच्यावर चहा प्यायलेल्या पाहुण्यांना आधी कल्पना दिली जाई का, हा काकांना छळणारा प्रश्न.

पिसदुऱ्याच्या या शेणाने मात्र टेबलाहून मोठं काम केलं. गवत खाणारे प्राणी आणि खुद्द गवत हे डायनोसॉरच्या नंतरचं प्रकरण, असं शास्त्रज्ञ मानत होते. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गोळे तपासले. वनस्पतींच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण साठतात. पान कुजलं, पचलं, तरी ते उरतात. टायटॅनोसॉरच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शेणात त्यांना गवताच्या निदान पाच प्रकारांचे कण मिळाले. २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं आणि पाठ्यपुस्तकातलं एक पान बदलावं लागलं. २०११ मध्ये याच गोळ्यांतून भाताच्या कुळातल्या गवताचेही पुरावे पुढे आले. पूर्व विदर्भ आज धानाचा मुलूख. इथल्या पहिल्या भातखाऊ गिऱ्हाइकाची पावती त्याने स्वतःच टाकून ठेवली होती. जमिनीत पुरलेलं रहस्य वगैरे शब्द वापरायचा मोह होतो, पण ते होतं शेण, आणि शास्त्राने त्यात हात घालायला लाज बाळगली नाही, याचं कौतुक जास्त.

बाईंनी गोळा होता तिथे परत ठेवला. काकांना ते फार जड गेलं. त्यांच्या खिशात अजून बादलीचा तुकडा होता, तेवढ्यावर त्यांनी समाधान मानलं.

परतीच्या वाटेवर विषय निघाला तो मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्याचा. तिथल्या पाडल्या गावात शेतात मिळालेल्या गोल दगडांची लोक पिढ्यान् पिढ्या 'काकर भैरव' म्हणून पूजा करत होते. देव शेत राखतो, गुरं राखतो, अशी श्रद्धा. २०२३ मध्ये तज्ज्ञांनी पाहून सांगितलं, की ही टायटॅनोसॉरची अंडी आहेत. गावकऱ्यांनी देव बदलला का, असं भाच्याने विचारलं. का बदलावा? साडेसहा कोटी वर्षं न फुटलेल्या अंड्याइतका जागृत राखणदार दुसरा कुठे मिळणार?

तुम्हालाही हे वेड लागलं असेल, तर स्फटिक बघायला सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जा. तिथे रखवालदार अडवत नाही, फक्त तिकीट लागतं. चालू खाणीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. आणि तुमच्या वावरात कधी एकसारखे गोल, जड दगड ओळीने निघाले, तर हातोडी चालवू नका, नारळही फोडू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा.